साकवावरचा दिवा

कोंडीरामची आणि माझी ओळख शिव्यांनी झाली. त्या वेळी मला त्याचा रागही आला होता. आज वाटतं, त्याने हात आखडता घेतला.

चाकणच्या कंपन्यांची रांग संपते तिथून चार किलोमीटर आत माळेवाडी आहे. तिथल्या एका बांधावर मी रात्री नऊच्या सुमारास दुर्बीण मांडून बसलो होतो. त्या महिन्यात गावातल्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. अंधारात वायरी, बॅटरी आणि एक जाड नळी घेऊन बसलेला अनोळखी माणूस म्हणजे चोर, असं कुणालाही वाटलं असतं. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांत आला आणि पाठोपाठ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

"कुनाची मोटार उपसतोस रं?"

"मोटार नाही हो, फोटो काढतोय."

"कुनाचा?"

"आकाशाचा."

झोत खाली आला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मफलर गुंडाळलेला माणूस समोर उभा होता. त्याने माझ्या सामानाभोवती एक चक्कर मारली, दुर्बिणीचं तोंड खरंच वर आहे याची खात्री केली आणि मग माझ्या शेजारीच बसला. तासाभराने उठून गेला तो थर्मासभर चहा घेऊन आला. "बांध माझाच हाय. पर बांधावर इंचू असत्यात. मळ्यात बसा की, साहेब," असं म्हणून त्याने माझी खुर्ची स्वतः उचलली. तेव्हापासून तीन हिवाळे कोंडीरामचा अर्धा एकर मळा ही माझी वेधशाळा झाली.

मी समाधान. मूळचा औशाकडचा, पंधरा वर्षांपूर्वी पोटासाठी इकडे आलो. चाकणच्या एका कंपनीत गिअर तयार होतात, तिथे मी तपासणीला आहे. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक सापडली तरी त्या मालाला लाल चिठ्ठी लावायची, हे माझं काम. म्हणजे नाकाने कांदे सोलायचे मला पगार मिळतो. कामगार मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते बरोबर आहे. रावेतला फ्लॅट आहे, स्वरूपा नावाची सोशीक बायको आहे, आणि तेजोमेघांचे फोटो काढायचा नाद आहे.

ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग असतात, ते हे तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांना त्यातले बहुतेक दिसत नाहीत. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, तिच्याखाली आकाशाच्या गतीने फिरणारं यंत्र ठेवायचं आणि पाच-पाच मिनिटांची एकेक फ्रेम घ्यायची. अशा शेकडो फ्रेमा अनेक रात्रींत जमवून संगणकावर एकावर एक रचल्या, की हळूहळू ढग उमटत जातो. फ्रेम चालू असताना उजेड चालत नाही. दुर्बिणीजवळ पाऊल वाजवलेलंसुद्धा चालत नाही, तारे हलतात. पाच मिनिटं होईपर्यंत गप्प बसून राहायचं. ही सवय पुढे माझ्या अंगात किती मुरली ते सांगायचंच आहे.

पहिला बरा फोटो आला तो मृगातल्या तिकांड्याखालच्या, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांखालच्या, मोठ्या तेजोमेघाचा. कोंडीरामला लॅपटॉपवर दाखवला तर तो बघतच राहिला.

"ह्ये तिकांड्याच्या खाली हाय? आन् आमी जलमभर नुसतं तिकांडंच बघत व्हतो!" त्याने बायकोला हाक मारली. "कस्तुरे, हिकडं ये, बघ वर काय काय हाय ते."

कस्तुरावहिनी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी फोटो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "वर एवढा उजेड हाय तर खाली अंधार कशाला मग?" या बाईला मी तेव्हापासून जरा बिचकूनच होतो.

कोंडीराम ग्रामपंचायतीत दिवाबत्तीला होता. गावात सहा ठिकाणी रस्त्यावरच्या दिव्यांची बटणं होती, ती संध्याकाळी लावायची आणि सकाळी बंद करायची. एकोणीस वर्षं तो हेच करत होता. जुन्या सायकलवरून निघायचा, बटण दाबायचा, दिवा लागला की त्याला दोन्ही हात जोडायचा आणि पुढच्या खांबाकडे जायचा. देवघरातल्या निरांजनाला लोक जोडतात तसे. पोरं हसायची, त्याला काही फरक पडत नव्हता. सकाळी बंद करतानासुद्धा नियम होता. सूर्य दिसल्याशिवाय बटणाला हात नाही, आणि हात लावायच्या आधी दिव्याला "या आता" म्हणायचं.

त्याच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली आणि वधूपिता गायब. भटजी घड्याळ बघून तडकले, व्याही रुसले, कस्तुरावहिनींनी मांडवात उभ्याउभ्याच त्याच्या नावाने बोटं मोडली. वीस मिनिटांनी हा फेट्यासकट सायकलवरून आला. गावाचे दिवे लावून आला होता. "पोरगी माझी एकट्याची हाय, रस्ता समद्यांचा हाय," हे त्याने व्याह्यांना सांगितलं. व्याही अजून बोलत नाहीत म्हणे.

तेव्हा हा माणूस कसा होता ते मला पक्कं माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मागच्या दिवाळीत ओढ्यावरच्या साकवाला नवा दिवा बसला. पांढराफेक, प्रखर. तो बसावा म्हणून कोंडीराम दोन वर्षं पंचायतीच्या मागे लागला होता. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस गावातल्या पाच-सहा जणींना फाट्यावर सोडते, तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. तिथून साकव ओलांडून घरी यायचं. साकवाचा एका बाजूचा कठडा केव्हाच तुटलेला. "पोरी अंधारात येत्यात, साहेब, जिवाला घोर लागतो," असं तो म्हणायचा. दिवा बसला त्या संध्याकाळी त्याने मला पेढा दिला. मी तो खाल्ला आणि माझ्या मनात आलं, झाली माझ्या फोटोंची वाट.

कारण तो साकव मळ्यापासून दीडशे पावलांवर होता आणि दिव्याचा उजेड माझ्या नळीत तिरका शिरत होता. त्या हिवाळ्यात मला घोड्याच्या मुंडक्याचा तेजोमेघ हवा होता. मृगाच्या तीन ताऱ्यांतल्या टोकाच्या ताऱ्याजवळ लालसर धुकं आहे, त्यावर धुळीच्या ढगाची काळी आकृती उठून दिसते, अगदी घोड्याच्या मानेसारखी. फार फिका असतो तो. तीस तासांचा उजेड तरी गोळा करावा लागतो, म्हणजे साडेतीनशेहून जास्त फ्रेमा. जानेवारीतल्या अवसेच्या आसपासच्या नऊ रात्री मिळाल्या तर जमणार होतं. दोन हिवाळे हुकले होते. आमच्या निगडीच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन मार्चमध्ये होतं आणि तिथल्या काही शहाण्यांना मला दाखवून द्यायचं होतं.

पहिल्या रात्रीच्या फ्रेमा बघितल्या तर सगळ्यांवर कडेने पांढरा पट्टा. काळा पुठ्ठा लावून पाहिला, शेडनेट टांगून पाहिली, वाऱ्याने दोन्ही फडफडायला लागली. शेवटी मी कोंडीरामलाच विचारलं.

"कोंडीभाऊ, साकवावरचा दिवा आठ रात्री, रोज चार तास बंद ठेवता येईल का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "लावल्याला दिवा मानसानं मालवू नये, साहेब. दुसरं काय बी मागा. मळ्यातली ज्वारी आडवी करू का? पलीकडं बसा, तितनं न्हाई दिसायचा."

तो खरंच उभी ज्वारी कापायला तयार होता. मी म्हटलं, राहू द्या, बघतो काहीतरी.

आणि बघितलं. त्या दिव्याच्या खांबावर छातीएवढ्या उंचीवर एक पेटी होती आणि तिच्यात त्याचा वेगळा फ्यूज होता. हे मला कोंडीरामनेच सांगितलं होतं, दिवा बसवला तेव्हा कौतुकाने पेटी उघडून दाखवत. दुसऱ्या रात्री त्याचं घर झोपल्यावर मी गेलो, फ्यूज काढला आणि जाकिटाच्या खिशात टाकला. आवरून निघताना परत बसवला. दिवा लागला. कुणाला पत्ता नाही. मला दीड तास गाडी चालवून भीमाशंकरच्या बाजूला जाता आलं असतं, तिथे काळोख फुकट मिळतो. पण तिथे चहा नव्हता, सोबत नव्हती, आणि सकाळी आठला कामावर हजर व्हायचं होतं. एवढ्याशा आळसापायी मी ज्याच्या मळ्यात बसत होतो त्याच्या दिव्याला हात घातला.

चौथ्या दिवशी गावात कुरबुर सुरू झाली. सेकंड शिफ्टच्या बायका म्हणाल्या, साकवावर अंधार असतो. कोंडीराम म्हणाला, शक्यच न्हाई. संध्याकाळी लावला तेव्हा चालू, सकाळी मालवला तेव्हा चालू. बायका म्हणाल्या, मग आम्ही काय खोटं बोलतो? पाचव्या संध्याकाळी तो माझ्यापाशी आला. मी दुर्बीण जोडत होतो.

"साहेब, तुमी रातच्याला हितंच असता. दिवा जातो का वो मदीच?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी तर चांदणंच गोळा करायला बसलेला. मी स्क्रू पिळत राहिलो आणि म्हणालो, "माझं लक्ष वर असतं हो, कोंडीभाऊ."

"व्हय, ते बी खरंच," तो म्हणाला आणि वायरमनला दाखवून घेतो म्हणत गेला. वायरमनने दुसऱ्या दिवशी येऊन दिवा तपासला. दिव्यात काहीच दोष नव्हता.

त्या दिवशी तरी थांबायला हवं होतं. मी हिशोब केला की आता चारच रात्री उरल्यात.

आठव्या रात्री, साडेबारा वाजून गेले होते. बस फाट्यावर थांबून गेल्याचा आवाज आला होता. मी खुर्चीत बसलो होतो, फ्रेम चालू होती, पाचांपैकी दोन मिनिटं झाली होती. साकवाकडून काहीतरी धप्पकन पडल्यासारखं झालं. पहिल्यांदा वाटलं कुत्रं असेल. मग बाईमाणसाचा आवाज आला, "आई गं." मग जरा वेळाने, "कुणी हाय का?" आणि मग नाव घेऊन हाक, "कोंडीरामकाका!" कारण साकवापासून सगळ्यात जवळचं घर त्याचं होतं.

मी उठलो नाही. तीन मिनिटं उरली होती आणि फ्रेम चांगली चालली होती. मी मुद्दाम ठरवून बसून राहिलो असंही नाही. फ्रेम चालू असताना हलायचं नाही, हे अंगवळणी पडलेलं, ते अंगच बसून राहिलं. पण मला ऐकू येत होतं, आणि काय झालंय ते कळतही होतं. फ्रेम पुरी झाल्यावर मी उठलो. आणि उठल्यावर आधी तिच्याकडे गेलो नाही. आधी खांबाकडे गेलो, फ्यूज बसवला, दिवा लागला, आणि मग "कोण आहे, काय झालं" असं ओरडत साकवाखाली उतरलो.

पुनम होती. पलीकडच्या आळीतली, तेवीस-चोवीस वर्षांची, वायरींचे गुच्छ बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर. त्या रात्री बसमधून एकटीच उतरलेली, मोबाईल शिफ्टभर वापरून बंद पडलेला, रोजची पायाखालची वाट म्हणून आली आणि कठडा नसलेल्या बाजूने कोरड्या ओढ्यातल्या दगडांवर गेली. डाव्या हाताचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. मी तिला गाडीत घातलं, चाकणला दवाखान्यात नेलं, तिच्या आईला फोन केला, पहाटेपर्यंत बाकावर बसलो. तिची आई माझे हात धरून म्हणाली, "देवासारखे धावून आलात." पुनम सारखं एकच सांगत होती. दिवा नव्हता, आणि मी पडल्यावर आपोआप लागला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावात ग्रामसभा असते. सरपंच अण्णासाहेबांनी मला मुद्दाम निरोप देऊन बोलावलं. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या. पुनम प्लास्टर घालून पहिल्या रांगेत बसली होती. कंत्राटी पोरीची जागा चार दिवसांत भरतात, तशी तिची भरली होती. तिने उभं राहून सांगितलं, "काका रोज लावतो म्हणतात. पण दिवा नव्हता. मी खोटं कशाला बोलू? काकांनी नीट बघितलं असतं तर माझा हात मोडला नसता."

कोंडीराम उठला. "म्या लावला व्हता. सकाळी बी चालू व्हता."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "रात्री झोपेत मालवत असशील!" दुसरा म्हणाला, हल्ली घ्यायला लागलाय वाटतं. एकोणीस वर्षं ज्याच्या उजेडात ही माणसं घरी आली, त्याच्यावर हसायला त्यांना दोन मिनिटं पुरली. मला त्यांचा संताप आला. संताप करायला मी कोण, हे त्याच वेळी आठवलं.

अण्णासाहेब माझ्याकडे वळले. "समाधानराव, तुम्ही बाहेरचे, तुम्हाला कुणाची भीड नाही. तुम्ही तिथं होता. त्या रात्री साकवावर दिवा होता का?"

कोंडीराम माझ्याकडे बघत होता. खूप आशेने बघत होता. मी त्याचा साक्षीदार होतो ना.

"नव्हता," मी म्हणालो.

शब्द खरा होता. त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. कोंडीराम खाली बसला. त्याला कामावरून कमी करायचा ठराव झाला. त्याच सभेत, दहा मिनिटांनी, गावच्या लेकीचा जीव वाचवल्याबद्दल माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी वाकून शाल घेतली. टाळ्यांत कस्तुरावहिनींच्या टाळ्याही होत्या. संध्याकाळी पंचायतीच्या छपरावरच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, दिवाबत्तीची तक्रार यापुढे कोंडीरामकडे करू नये, तो आता कामावर नाही.

स्वरूपाने ती शाल आमच्या सोसायटीत चार घरी दाखवली. मी फोटो रचायला बसलो. सात रात्रींच्या फ्रेमा एकेक तपासल्या, जशा कंपनीत गिअर तपासतो तशा. त्या रात्रीची साडेबाराची फ्रेम उघडली. तारे गोल, कुठे हलल्याचं चिन्ह नाही. निर्दोष. मी ती ठेवली. नंतर लाज वाटून काढून टाकली आणि फोटो पुन्हा रचला. दोन्ही फोटो शेजारी लावून मोठे करून पाहिले. काडीचाही फरक नव्हता. तीनशेतली एक गेली काय आणि राहिली काय, घोडा तसाच दिसतो. त्या रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि तिथेच ओट्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. स्वरूपाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पित्त.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या मूर्खपणाने आणखी एक टोक गाठलं. मी तो फोटो मोठा छापून, चौकट करून, कोंडीरामला भेट द्यायला घेऊन गेलो. काय वाटलं होतं मला? त्याला बरं वाटेल? की मला?

दुपारचे चार वाजले होते. तो ओसरीवर बसला होता, दाढी वाढलेली. कस्तुरावहिनी शेंगा फोडत होत्या. त्याने मला बसायला पोतं टाकलं, चहा सांगितला. मी फोटो पुढे केला. त्याने तो हातात धरला, लांब केला, जवळ केला.

"मला नगा इचारू, साहेब. माझ्या डोळ्यांवर माझा इस्वास न्हाई आता." मग बायकोकडे वळून म्हणाला, "कस्तुरे, ह्यात लाल रंग हाय का गं?"

"हाय," त्या म्हणाल्या, आणि मला हळू आवाजात सांगू लागल्या. महिनाभर हेच चाललंय. दिवा चालू आहे का, नळ बंद केला का, कडी लावली का, सगळं त्यांना विचारतो. चाकणला डोळे तपासून आले, डोळ्यांत दोष नाही. मग डोक्यात असेल म्हणतो. त्याच्या बापाला म्हातारपणी भ्रम झाला होता. "न लावल्याला दिवा मला लावल्याला दिसला, म्हंजी मला बी तेच झालं, आसं घेऊन बसल्यात."

मी ऐकत होतो. नोकरी गेली, बोलणं खाल्लं, हे मला माहीत होतं, आणि ते मी कसंबसं गिळलं होतं. पण हा माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून बसला होता. गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्याने मला साक्षीला पाहिलं. मी "नव्हता" म्हणालो. साहेब खोटं कशाला बोलतील? म्हणजे आपलंच चुकलं.

"कोंडीभाऊ," मी म्हणालो, "दिवा तुम्ही लावला होता. रोज लावला होता. मी फ्यूज काढत होतो."

कस्तुरावहिनींच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या रात्रीपासूनचं, वायरमनचं, सभेतलं. खाली बघून बोलत होतो. संपल्यावर मार खायची तयारी ठेवली होती.

कोंडीरामने विचारलं, "म्हंजी म्या लावला व्हता?"

"हो."

"चालू बी झाला व्हता?"

"हो. तुम्ही हात जोडलेत तेव्हा तो चालू होता. मी मळ्यातून बघितलं होतं."

तो ताडकन उठला. "ऐकलंस का, कस्तुरे! लावला व्हता म्या! आगं, लावला व्हता!" त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने मला शिवी दिली नाही. माझा हात धरून हलवला, जणू मीच त्याच्यावर उपकार केले होते. त्याने मारलं असतं तर मी सहन केलं असतं. हे सहन होईना.

कस्तुरावहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पुनम वरडली तवा तुमी कुठं व्हता?"

"मळ्यात."

"ऐकू आलं व्हतं?"

"आलं होतं. तुमच्या यांच्या नावाने हाक मारली तीसुद्धा ऐकली."

"मग?"

"मग तीन मिनिटं बसून राहिलो. फोटो पुरा होईपर्यंत."

माझ्यापुढचा चहाचा कप त्यांनी उचलला आणि आत नेला. मी अजून प्यायलो नव्हतो.

आम्ही तिघं पंचायतीत गेलो. अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि डोकं धरलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमचा सत्कार आम्हीच केलाय, गावाचं हसं होईल. कोंडीराम, तू उद्यापासून कामावर ये. कुणी विचारलं तर वायरीत दोष सापडला म्हणू. चालतंय ना?"

मला चालत होतं, खोटं कशाला बोलू. मान हलवायच्या बेतात होतो.

"न्हाई चालत," कोंडीराम म्हणाला. "कामाचं राहू द्या, अण्णा. म्या लावला व्हता, ह्ये गावाला कळाया पायजे. भोंग्यावरनं माझं नाव काढलंत, भोंग्यावरनंच सांगा." आणि माझ्याकडे बोट करून, "ह्यांनीच सांगावं."

कपाटाशेजारी माईक होता. कोंडीरामनेच बटण दाबलं. बाहेर भोंगा खरखरला. दिवेलागणीला अजून अवकाश होता, बायका पाण्याला निघालेल्या, फर्स्ट शिफ्टची माणसं पारावर आलेली. मी माझं नाव सांगितलं, कंपनी कुठली ते सांगितलं, आणि सांगितलं की साकवावरचा दिवा कोंडीराम रोज लावत होते, फ्यूज मी काढत होतो, सभेत मी ते लपवलं, त्यांचा काही दोष नाही. माझाच आवाज घराघरांवरून आपटून परत येत होता. एवढं बोलून मी माईकपासून मागे सरलो.

"आजून चालू हाय," कोंडीराम हळूच म्हणाला. त्याचा हात बटणावर होता आणि त्याने ते बंद केलं नव्हतं.

मी पुन्हा पुढे झालो आणि तीन मिनिटांचंही सांगितलं.

बाहेर आलो तेव्हा पंचायतीसमोर माणसं जमली होती. कुणीतरी मला शिवी हासडली, ती मी घेतली. गर्दीतून वाट काढत पुनम आली. हाताचं प्लास्टर निघालं होतं, मनगट वाकडं दिसत होतं, बोटं पुरती मिटत नव्हती. मी तिच्यासाठी शब्द जुळवत उभा होतो. येताना वाटेत ते मनात दहा वेळा घोकले होते.

ती माझ्याजवळून पुढे गेली आणि कोंडीरामसमोर वाकली. उजव्या हाताने त्याच्या पायाला हात लावला. "काका, मी भर सभेत तुमच्यावर आळ घेतला," ती म्हणाली. "माझं चुकलं. मला माफ करा."

कोंडीराम "आगं, आगं," करत तिला उठवायला लागला, आणि ती रडायला लागली. जिचा हात मी मोडला ती पोर महिनाभर एका निर्दोष माणसाला दोष देत हिंडली, आणि आता त्याचीही लाज तिच्याच पदरात पडली होती. मी तिथेच उभा होतो, दोन पावलांवर. माझी माफी अजून मागायची राहिली होती.